आधी बोट, मग साचा

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

पत्र आणि तुला काढायच्या बोटीच्या कंपनीसाठीचे आराखडे मिळाले. 28 फूट लांबी, दोन आउटबोर्ड, म्हणजे मागे टांगायची इंजिनं, पुढे निमुळतं होत गेलेलं नाक. रेषा देखण्या आहेत, कलाभवनातली शिक्षणाची वर्षं सार्थकी लागलीत. पण पत्रभर तू साच्याचा, म्हणजे ज्यात फायबरचे थर देऊन बोट घडवतात त्याचा, खर्च विचारतेस, आणि ही बोट कुठल्या पाण्यात चालायची आहे ते कुठेच लिहिलेलं नाहीस. कंपनीची सुरुवात तिथून होते, म्हणून आधी तेच.

बडोद्याला समुद्र कुठे आहे, असं तुला पुष्कळ जण ऐकवतील. त्याची काळजी करू नकोस. मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत केमिकल कारखान्यांसाठी फायबरच्या टाक्या आणि वायू धुणारे स्क्रबर बनवण्यात लोकांची हयात गेली आहे. ॲसिडची टाकी गळू न देणारा कारागीर आपल्या गावात आहे, रेझिन, म्हणजे घट्ट होणारी राळ, आणि काचतंतूंची मॅट गावात मिळते. ही फार मोठी शिदोरी आहे. मात्र टाकी एका जागी उभी राहते आणि बोट प्रत्येक लाटेवर आपटते. मार कुठून आणि किती बसणार हे पाणी ठरवतं.

आपल्या आसपासचंच बघ. चांदोदला नर्मदेच्या संगमावर नेणाऱ्या नावेला वेग नको असतो, भरल्या माणसांनी न डगमगणं हवं असतं. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक काही ठिकाणी 10 मीटरच्या वर जातो. तिथला प्रवाह कमी ताकदीच्या इंजिनाला दाद देत नाही, आणि ओहोटीत गाळात बसलेली बोट पुढच्या भरतीपर्यंत हलत नाही. तिसरं पाणी आपल्या दारातलं. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी सोसायट्यांमध्ये शिरली तेव्हा कशी बोट हवी होती, आठव. तळ सपाट, कारण खाली बुडालेल्या गाड्या आणि कंपाउंडच्या भिंती. इंजिन झटकन वर उचलता येणारं. बाजू इतकी बुटकी, की एखाद्या आजीला दोघांनी धरून आत घेता यावं. तुझी 28 फुटी त्या पाण्यात पहिल्याच गल्लीत अडकली असती.

खोल व्ही आकाराचा तळ लाट कापतो, पण पाण्यावर उचलून धावायला जास्त ताकद आणि जास्त पेट्रोल मागतो. सपाट तळ लवकर वर उचलला जातो, शांत पाण्यात स्वस्तात पळतो, आणि लाट आली की माणसांच्या पाठी मोडतो. दोन्ही सुखं एका तळात मिळत नाहीत. गिऱ्हाइकाला हे पहिल्या भेटीतच सांगायचं, तो नाराज झाला तरी.

या धंद्यातली जुनी घराणी कशी उभी राहिली ते वाच, मन लावून वाच. अमेरिकेत डिक बर्ट्रमने 1958 साली रे हंटने आखलेली खोल व्ही तळाची छोटी बोट खवळलेल्या समुद्रात सहज पळताना पाहिली. त्याने त्याच धर्तीची सुमारे 30 फुटी लाकडी बोट बांधून घेतली, तिचं नाव मॉपी. 1960 च्या मायामी ते नासाऊ शर्यतीत समुद्र इतका उसळला होता की भल्याभल्यांची दाणादाण उडाली, आणि मॉपी पहिली आली. त्यानंतर त्याच लाकडी बोटीवरून फायबरचा साचा काढला गेला आणि बर्ट्रम 31 ही बोट जन्माला आली. क्रम लक्षात घे. आधी एक बोट, मग वाईट समुद्र, मग साचा.

इटलीतल्या रिवा या बोटी बांधणाऱ्या घराण्याची कथा तर मला त्याहून आवडते. 1842 मध्ये पिएत्रो रिवाने इझेओ तळ्याकाठी सार्निकोला वादळात मोडलेल्या होड्या दुरुस्त केल्या आणि तिथून नाव झालं. ज्या ॲक्वारामा बोटीचं चित्र तू भिंतीवर लावलं आहेस, ती त्याच घराण्यातल्या कार्लो रिवाने 1962 मध्ये आणली. मधली एकशेवीस वर्षं तू मोजत बसू नकोस, पण दुरुस्तीपासूनची सुरुवात मात्र घे.

माझा आग्रह आहे की पहिलं वर्ष जुन्या बोटी दुरुस्तीला घे. नवी बोट बांधून जे कळत नाही, ते फुटलेली उघडून कळतं. ट्रान्सम, म्हणजे इंजिन टांगतात ती मागची भिंत, तिच्यावर एक रुपयाचं नाणं टकटक वाजवत जा. घट्ट जागी टणक आवाज येईल. जिथे बद्द येईल तिथे थर सुटलेत किंवा आतलं प्लाय कुजलंय. बहुतेक वेळा कारण एकच सापडेल, बोल्टचं भोक पाडताना प्लायची उघडी कड कोणी सीलच केली नाही. तुझ्या बोटीत प्लाय आयएस 710 चंच, म्हणजे त्या मानकाचं मरीन प्लाय, वापर, आणि प्रत्येक भोक आधी मोठं पाडून इपॉक्सीने भर, मग त्यात बोल्टचं भोक पाड.

आपल्याकडच्या उन्हाळ्याबद्दल एक सांगतो. मे महिन्यात दुपारी शेडमध्ये रेझिन डब्यातच गोठायला लागतं, आणि घाईत कारागीर रेझिन घट्ट करणारं कॅटॅलिस्ट अंदाजाने कमी करतो. ते फार कमी झालं तर थर वरून वाळल्यासारखा दिसतो आणि आत कच्चा राहतो. त्यापेक्षा काम पहाटे लाव, छोटे डबे कालव, प्रत्येक डबा वजन करून. कॅटॅलिस्ट आणि त्याला वेग देणारं कोबाल्ट कधीही थेट एकमेकांत ओतू देऊ नकोस, भडका उडतो. मॅटमध्ये भिजेल तेवढंच रेझिन हवं. जास्तीचं रेझिन ताकद देत नाही, नुसतं वजन वाढवतं, आणि तो भार बोट जन्मभर वाहते.

आता एक गोष्ट, ज्यावर मी तडजोड ऐकणार नाही. 18 जानेवारी 2024 ला हरणी तलावात सहलीची बोट उलटून 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेहून जास्त माणसं होती. आपल्या गावात बोट बांधणाऱ्याने ती दुपार विसरायची नाही. किती माणसं, किती किलो, हे तू स्वतः वाळूच्या गोण्या भरून, एका बाजूला सरकवून तपास. मगच आकडा ठरव आणि फायबरच्या थराखाली पक्का बसव, खरवडून निघता कामा नये. बोट पाण्याने भरली तरी तरंगत राहील इतका बंद पेशींचा, पाणी न शोषणारा फोम आत हवाच. कोणी म्हणालं, दोन माणसं जास्त लिही, तर ती ऑर्डर सोड. धंदा लहान राहिला तरी चालेल.

पैशाचं थोडक्यात. इंजिनाचे पूर्ण पैसे हातात आल्याशिवाय इंजिन मागवू नकोस. बाकीची रक्कम टप्प्यांनी घे: ऑर्डरला, हल, म्हणजे बोटीचं खालचं अंग, साच्यातून निघाल्यावर, पाण्यातल्या चाचणीआधी. आराखड्यावर गिऱ्हाइकाची सही घे. त्यानंतर सीट सरकवायची म्हटली तरी नवा कागद, नवी किंमत, कारण सीटबरोबर वजनाचा मध्यही सरकतो. हल एकच ठेव, वरचं डेक आणि बैठक प्रत्येकाची वेगळी. ऑर्डरप्रमाणे बांधणारा छोटा कारखाना त्यावरच तगतो.

शेडचा करार आत्ता करू नकोस. 16 फुटी एक हल आख, पुराच्या पाण्यासाठी. दिवाळीनंतर ये, आणि येताना इंजिनाचं, पेट्रोलच्या टाकीचं, बॅटरीचं आणि सहा माणसांचं वजन वेगवेगळं लिहून आण, प्रत्येकाचं ट्रान्समपासूनचं अंतर समोर मांडून.

तुझा,
काका