एशियाडमध्ये भारत कबड्डीत कधी हरला आहे का?

हो, 2018 साली जकार्तात. 1990 च्या बीजिंगपासून पुरुष संघाने ओळीने 7 सुवर्णपदकं जिंकली होती. जकार्तात आधी गटात दक्षिण कोरियाने 24-23 असा धक्का दिला आणि उपांत्य फेरीत इराणने 27-18 ने हरवलं. कांस्यावर समाधान मानावं लागलं.

महिलांची अंतिम लढतही इराणनेच 27-24 ने जिंकली. त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन! त्या दिवशी हळहळ आणि अभिमान दोन्ही एकदमच वाटलं.

हांगझोऊत 2023 ला दोन्ही सुवर्णं परत आली. पुरुषांचा इराणविरुद्धचा अंतिम सामना 28-28 वर असताना भारताच्या पवन सेहरावतच्या चढाईत लॉबीच्या (मैदानाच्या कडेच्या पट्टीच्या) नियमावरून वाद पेटला, खेळ बराच वेळ थांबला, शेवटी 33-29. महिला तर एका गुणाने वाचल्या: चिनी तैपेईविरुद्ध (म्हणजे तैवान) 26-25.