‘लॅकर’ला लाखकाम म्हणावे की रोगणकाम?

पुण्यातील एका संग्राहकांनी विचारले आहे की, जुन्या बाजारात मिळालेल्या त्यांच्या ग्रामोफोनच्या उभ्या कपाटावर काळ्या जमिनीवर सोनेरी पॅगोडे व बगळे रंगवलेले आहेत. इंग्रजी सूच्यांत या कामाला ‘लॅकर’ म्हणतात, तर दुरुस्तीच्या मराठी नोंदीत ‘लाखकाम’ लिहावे की ‘रोगणकाम’? (त्यांनी ‘कपाट’ म्हटले हे बरे झाले. ‘पेटी’ म्हटले असते तर पुण्यात साथीला कोण होते, असेच कुणीतरी विचारले असते.)

व्युत्पत्तीचा कौल लाखेला आहे. संस्कृत ‘लाक्षा’, प्राकृत ‘लक्खा’, मराठी ‘लाख’. हाच शब्द फारसी-अरबीतून आणि पोर्तुगीजांच्या ‘लाका’तून फिरत इंग्रजीत ‘लॅकर’ झाला. शिवाय सावंतवाडीच्या चिताऱ्यांमुळे ‘लाखकाम’ हा शब्द आपल्याकडे रुळलेला आहेच. पण शब्द जुना राहिला तरी त्यामागची वस्तू बदलत गेली. चीन-जपानमधील अस्सल काम लाखेचे नसून एका झाडाच्या चिकाचे असते. युरोपातील कारागिरांना तो चीक मिळत नसल्यामुळे त्यांनी त्याची नक्कल कधी लाखेने, तर कधी तेलाच्या रोगणाने केली. १९०६ मध्ये कर्णा आत दडवलेला ‘व्हिक्ट्रोला’ आला, ग्रामोफोन दिवाणखान्यातील फर्निचर ठरला आणि ही चिनी धाटणीची नक्षी त्याच्याही कपाटांवर चढली.

‘रोगण’ फारसी आहे आणि त्याचा मूळ अर्थ तेल, ‘रोगन बदाम’मध्ये असतो तोच. त्यामुळे जवसाच्या तेलात राळ शिजवून केलेल्या लेपाला रोगण म्हणणे अगदी नेमके ठरते.

माझ्या मते नोंदीतील शब्द कोशाने नव्हे, कपाटाने ठरवावा. दाराच्या आतील, चित्र नसलेल्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा हलकेच टेकवून पाहावा. सुतार ज्याला चपडा म्हणतात ती लाख स्पिरिटमध्ये विरघळते, कारण फ्रेंच पॉलिश म्हणजे तेच मिश्रण. जुने, मुरलेले तेलाचे रोगण इतक्या सहजी सुटत नाही. थर चिकट झाला तर ‘लाखकाम’ निर्धास्तपणे लिहावे, नाही तर ‘रोगणकाम’ अधिक जवळचे. तो बोळा मात्र ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांपासून दूर ठेवावा, कारण त्याही दगडाची पूड मिसळलेल्या लाखेच्याच असतात.

आणखी एक बारकावा: ही लाख स्त्रीलिंगी आहे, म्हणून ‘लाखेचे कपाट’ असे लिहावे, ‘लाखाचे कपाट’ लिहिल्यास वाचणाऱ्याला ती किंमत वाटेल.