एड्स मेमोरियल क्विल्टसाठी मित्राच्या नावाचं पॅनेल कसं शिवावं?

शिवणाची फारशी सवय नसताना हे जमेल का, असं तुम्ही विचारलंय. जमेल, आणि जरूर करा. एड्स मेमोरियल क्विल्ट म्हणजे एड्सने गेलेल्यांच्या आठवणीसाठी त्यांच्या नावांची कापडी पॅनेलं जोडून केलेली प्रचंड गोधडी.

आधी माप. तयार पॅनेल बरोबर ३ फूट × ६ फूट भरलं पाहिजे, साधारण एका थडग्याएवढं. समलिंगी हक्कांसाठी लढणारे अमेरिकन कार्यकर्ते क्लीव्ह जोन्स आणि त्यांच्या साथीदारांनी १९८७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत या क्विल्टचं काम सुरू केलं, तेव्हा एड्सने गेलेल्या कित्येक गे पुरुषांना धड अंत्यविधीही मिळत नव्हता. आठ पॅनेलं जोडून १२ फुटी चौरस होतो, म्हणून मापात सूट नाही.

४४ इंच पन्ह्याचं जाड पॉपलिन किंवा पातळ कॅनव्हास सव्वादोन मीटर घ्या. आधी धुवा, नाहीतर शिवल्यावर आटेल. मग ४२ × ७८ इंच कापा. चारी बाजूंचे तीन-तीन इंच दुमडपट्टीत जातील. मागे मांजरपाटाचं अस्तर लावा. मध्ये कापूस भरायची गरज नाही.

हे पॅनेल पुढे असंख्य वेळा घडी होणार आणि उलगडणार, म्हणून गोंदावर भिस्त ठेवू नका. गोंद वाळून कडक होतो, घडीवर तडकतो आणि अक्षरं सुटतात. फुगीर थ्रीडी रंगांचंही तेच. कापडाचे रंग चालतील. अक्षरं मात्र कापून शिवलेलीच उत्तम. देवनागरीत अनुस्वार आणि सुट्या मात्रा आधी निघतात. त्यांना कडेने दाट काजटाका घाला. शिरोरेषा एकाच पट्टीची ठेवा. खाली रोमन लिपीत नाव द्या, म्हणजे नोंद करणाऱ्यांना वाचता येईल.

मित्राचा टी-शर्ट लावायचा असेल तर तो ताणला जातो; त्यामागे आधी सुती कापड शिवून मगच जोडा. फोटो सुती कापडावर छापून घ्या. काच नको, जड वस्तू नकोत.

तो गे होता हे घरच्यांना माहीत नसेल, तर नुसतं पहिलं नाव लिहा. तशी पॅनेलं सुरुवातीपासून आहेत आणि त्यांचा मान तेवढाच आहे.

सोबत त्याच्याविषयी पानभर पत्र आणि एक फोटो जोडा. तेही जपलं जातं. क्विल्ट सध्या सॅन फ्रान्सिस्कोच्या नॅशनल एड्स मेमोरियल या संस्थेकडे आहे. पाठवण्यापूर्वी पत्ता त्यांच्याकडूनच घ्या आणि पॅनेलचे दोन्ही बाजूंचे फोटो स्वतःजवळ ठेवा.