चौथा रकाना

प्रिय मुली,

तुझे पत्र दोनदा वाचले. भूशास्त्राची पदवी हातात पडण्याआधीच तू अकरा वाटा लिहून काढल्यास, प्रत्येकीपुढे पगार, स्पर्धा आणि भवितव्य असे तीन रकाने आखलेस, आणि तरीही काही ठरत नाही म्हणून रडकुंडीला आलीस. ठरणार कसे? त्या अकरांपैकी एकही काम तू डोळ्यांनी पाहिलेले नाही. ते काम करणारा माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत नेमके काय करतो, हा चौथा रकाना तुझ्या तक्त्यात नाही. तो भरेपर्यंत बाकीचे तीन मला दाखवू नकोस.

सर्वांत वर तू भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण लिहिले आहेस. त्यासाठी केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यावी लागते आणि तिला पदव्युत्तर शिक्षण लागते, म्हणजे एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षापर्यंत ते दार तुझ्यासाठी उघडतच नाही. मग आजच झोप का उडवून घेतेस?

आठव्या ओळीत नुसते ‘पाण्याचे काम’ लिहून पुढचे रकाने तू कोरे सोडले आहेस, याचा मात्र मला राग आला, कारण माझा जन्म त्यात गेला. राज्याचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसाल्टने व्यापला आहे. त्या कठीण खडकात पाणी साठते ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत, म्हणून एका विहिरीला पाणी आणि बांधापलीकडच्या विहिरीत खडखडाट, हे नेहमीचेच. एवढे तुला पुस्तकात मिळेल. पण जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा त्याच त्या निरीक्षण विहिरींत टेप सोडून पातळी लिहायची, आणि ज्याने पाणाड्याला नारळ देऊन आधीच रानभर फिरवले आहे त्या शेतकऱ्याला, त्याच्याच ओसरीवर बसून, चौथे बोअर घेऊ नका असे पटवायचे, हा दिवस पुस्तकात नाही. मुरूम संपून मांजऱ्या खडक लागला म्हणजे काय, हेही मला विहीर खोदणाऱ्या मजुरांनी शिकवले.

आता माझे सांगतो. पदवीनंतर सह्याद्रीतल्या एका बोगद्याच्या कामावर, खडकाच्या नोंदी ठेवणाऱ्या भूशास्त्रज्ञाच्या हाताखाली मला जागा मिळत होती. अंधार, धूळ, कंत्राटी नोकरी, असे घरी बसूनच म्हणालो आणि नकार कळवला. एसटीने अर्ध्या दिवसात जाऊन येता आले असते, गेलो नाही. वीस वर्षांनी एका बोगद्यात उतरण्याचा योग आला. सुरुंग उडाल्यानंतर, काँक्रीट फवारून खडक झाकण्याआधीच्या थोड्या वेळात, एक तरुण बॅटरीच्या उजेडात भेगांची दिशा मोजून भराभर चित्र काढत होता. त्या रात्री मला जेवण गेले नाही. याचा अर्थ माझी नोकरी वाया गेली असा मुळीच नाही. तीसेक वर्षे त्याच विहिरी मोजल्यावर गावाच्या पाण्याविषयी जे कळते, ते कोणत्याही बोगद्यात कळणार नाही, आणि हे मी कोणाच्याही तोंडावर सांगेन. पण ती निवड मी केली नव्हती. मी फक्त दुसरे काम पाहिले नव्हते.

म्हणून पुन्हा सांगतो, जाऊन बघ. नकाशांचे संगणकावरचे काम करायचे असेल तर ते करणाऱ्याच्या शेजारी आठ तास बस. आई म्हणते त्या बँकेलाही हाच नियम लाव. ‘मला कोण उभे करणार’ हे वाक्य तुझ्या पत्रात तीनदा आले आहे. किती जणांना विचारलेस? एकालाही नाही. भेटलेल्या माणसाला पगार विचारू नकोस, गेल्या मंगळवारी दिवसभर काय केले ते विचार. पगार सांगताना माणसे हात राखून बोलतात, मंगळवार मात्र खरा सांगतात.

येत्या गुरुवारी सिन्नरजवळच्या एका गावात बोअरचे मशीन लागणार आहे. सकाळी सहाला एसटी स्थानकावर ये. वर येणारा चुरा पिशव्यांत भरून प्रत्येकीवर खोली लिहिण्याचे काम तुझे. मशीन थांबेपर्यंत आपणही तिथून हलायचे नाही. जुने बूट घाल, टोपी आण. आईशी मी बोलतो. तो तक्ता मात्र घरीच ठेव.

तुझा,
काका