पादुआच्या भिंतीवरून निळाच रंग का उडाला? जोत्तोचं तंत्र

प्रश्न असा आहे: इटलीतल्या पादुआच्या स्क्रोवेन्यी चॅपेलमध्ये जोत्तो या इटालियन चित्रकाराने काढलेल्या ‘येशूजन्म’ चित्रात मेरीच्या झग्याचा निळा रंग बराचसा गेलाय, मग बाजूचे लाल-पिवळे शाबूत कसे? आणि हे तंत्र अजिंठ्यासारखंच आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, ते छोटं आहे: नाही. अजिंठ्याला आपण सर्रास फ्रेस्को (ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंगवलेलं भित्तिचित्र) म्हणतो, पण तिथे मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन, सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग कोरड्यावर लावलेत. जोत्तोच्या भिंतीवर रंगाला धरून ठेवतो तो खुद्द चुना.

पद्धत अशी. भिंतीवर आधी जाड, खरबरीत गिलावा. चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराने १४०० च्या सुमारास चित्रकलेच्या तंत्रावरच्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलेलं प्रमाण म्हणजे दोन भाग रेती, एक भाग चांगला कसदार चुना. हा माल त्यातली धग जाईपर्यंत मुरवायचा, नाहीतर लावल्यावर तडकतो. खरबरीत थरावर रेखाटन करायचं. मग त्या दिवशी जेवढं रंगवून होईल तेवढ्याच भागावर बारीक गिलाव्याचा थर चढवायचा आणि तो ओला असतानाच नुसत्या पाण्यात कालवलेला रंग लावायचा. वाळताना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं आणि रंगाचे कण त्यात अडकतात. दिवस संपताना न रंगवलेला गिलावा कापून टाकायचा. एका चेहऱ्याला पूर्ण दिवस लागतो, आकाशाचा मोठा पट्टा एका दिवसात उरकतो. उजेड बाजूने तिरपा पडला की हे दिवसादिवसांचे सांधे दिसतात. ज्याची कड वर चढलेली, तो तुकडा नंतरचा. काम वरून खाली चालतं, म्हणजे ओघळ तयार चित्रावर येत नाहीत.

अडचण ही की ओल्या चुन्याचा तिखटपणा सगळ्या रंगांना सोसत नाही. गेरू, पिवळी माती, हिरवी माती यांना काही होत नाही. सफेदा, म्हणजे शिशाचा पांढरा, मात्र कालांतराने काळवंडतो. इटलीतल्याच असिसीला, जोत्तोच्या आधीच्या पिढीतल्या चिमाबुएची भित्तिचित्रं बघा, उजळ भाग काळे पडून फोटोची निगेटिव्ह बघतोय असं वाटतं. निळ्यासाठी वापरात होतं अ‍ॅझुराइट, तांब्याचं निळं खनिज. ते बारीक घोटलं तर फिकं पडतं, म्हणून भरडच ठेवावं लागतं. भरड कण चुन्यात नीट बसत नाहीत, आणि ओल लागली की हिरवटतात. त्यामुळे निळा शेवटी, भिंत वाळल्यावर, सरसात किंवा अंड्यात कालवून चढवायचा. शतकांच्या ओलीने ते बंधक द्रव्य सुटलं की निळा पापुद्र्यासारखा गळतो आणि खालचा रंग उघडा पडतो. मेरीच्या झग्याचं नेमकं हेच झालंय.

याच मुद्द्याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा फ्लोरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमध्ये आहे. तिथली बार्दी आणि पेरुत्सी चॅपेलं शेजारी शेजारी, दोन्ही जोत्तोची. बार्दीत मुख्यतः ओल्यावर काम, पेरुत्सीत बरंचसं कोरड्यावर. दोन्हींवर पुढे पांढऱ्या चुन्याचे हात मारले गेले, एकोणिसाव्या शतकात ते खरवडले. पेरुत्सीतली चित्रं आज सावलीसारखी उरली आहेत.

फळीवरचं चित्र हा वेगळाच कारखाना. फ्लोरेन्सच्या उफिझी संग्रहालयातली जोत्तोची ओन्यिस्सांती मादोन्ना (बाळ येशूला घेतलेली मेरी; ३२५ × २०४ सेंमी) घ्या. पॉप्लरच्या फळ्या, त्यावर सरस, मग लिननचं कापड, म्हणजे लाकूड हललं तरी वरचा थर लगेच चिरत नाही. मग सरसात कालवलेलं जिप्सम, आधी जाडं, मग मऊ; मऊ थर चेन्निनी किमान आठ सांगतो. सोन्याखाली तांबडी माती, वर्ख चिकटल्यावर घोटणी. झीज झाली की सोन्यातून तांबूस झाक डोकावते. चेहऱ्याला खाली हिरवी माती आणि वर अंड्याच्या बलकातला गुलाबी. बलक झटकन वाळतो, रंग एकमेकांत मिसळता येत नाहीत, म्हणून बारीक रेघा शेजारी शेजारी ओढाव्या लागतात. चेन्निनी तर तरुण चेहऱ्याला शहरी कोंबडीचं फिकं बलक आणि म्हाताऱ्याला गावच्या कोंबडीचं लालसर, असंही सांगतो! वरचा गुलाबी झिजला की चेहरे हिरवट दिसतात. इटलीतल्या कितीतरी मादोन्ना त्यामुळे आजारी वाटतात.

पादुआला जाणार असाल तर तिकीट आधीच काढा. आत जाण्यापूर्वी हवा नियंत्रित केलेल्या खोलीत साधारण पंधरा मिनिटं बसवतात, बाहेरची दमट हवा आणि धूळ आत जाऊ नये म्हणून. नंतर चॅपेलमध्येही साधारण तेवढाच वेळ मिळतो, तो छत बघण्यात घालवू नका. वेदीकडे तोंड करून उभे राहा. उजव्या, खिडक्यांच्या भिंतीवर सर्वात वरच्या रांगेत, वेदीच्या टोकाला कथा सुरू होते: मेरीचे वडील योआकिम यांना मंदिरातून हाकलतात. तिथून दाराकडे, मग डाव्या भिंतीवरून परत वेदीकडे, आणि पुन्हा उजवीकडे खालच्या रांगेत. ‘येशूजन्म’ त्या दुसऱ्या रांगेच्या सुरुवातीलाच आहे.