आगमनकाळाचे चार रविवार आणि दोन लहान मुले

प्रिय भगिनी,

तुमचे पत्र सविस्तर वाचले. माहेर वसईचे, लग्नानंतर कोल्हापुरात संसार, यजमान शिरोलीच्या फाउंड्रीत पाळीवर, आणि घरात सात वर्षांचा मुलगा व चार वर्षांची मुलगी. गेल्या डिसेंबरमध्ये मोबाइलवर मिळालेली रोज एक उपक्रम सांगणारी यादी तुम्ही हौसेने भिंतीवर लावली, ती आठवडाभरही चालली नाही आणि मुलांच्या तोंडी नाताळपर्यंत सांता आणि भेटवस्तू यांखेरीज दुसरा विषय उरला नाही. माहेरी ही नाताळची तयारी सगळे गावच करून घेत असे, इथे ती एकटीच्या अंगावर पडते, असे तुम्ही लिहिले आहे. सांताला घरात बंदी घालावी का, हा तुमचा थेट प्रश्न आहे.

आधी यादीचे बोलू. दोन लहान मुले, शाळेचे डबे आणि नवऱ्याची बदलती पाळी सांभाळणाऱ्या घरात रोज नवा उपक्रम टिकणे अवघडच होते. तो टिकला नाही म्हणून तुमची श्रद्धा कमी पडली, असे मनाला लावून घेऊ नका. शिवाय १ डिसेंबरपासून रोज एक कागदी खिडकी उघडण्याचा हिशेब बाजारातल्या दिनदर्शिकांचा आहे. चर्चचा आगमनकाळ, म्हणजे येशूजन्माच्या तयारीचा काळ, नाताळपूर्वीच्या चौथ्या रविवारी सुरू होतो, त्यामुळे त्याचा पहिला दिवस २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दरम्यान कधीही येतो. या काळाचा कणा म्हणजे चार रविवार. तेवढे चार नीट धरलेत तरी मुलांच्या वयाच्या मानाने पुष्कळ झाले.

त्यासाठी घरी आगमनचक्र मांडा. एक परात, तिच्यात सुरूच्या हिरव्या डहाळ्या आणि चार मेणबत्त्या एवढे पुरे. दर रविवारी एक मेणबत्ती जास्त लावायची. परंपरेने तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची एक गुलाबी असते. लक्ष्मीपुरीत त्या रंगाच्या मिळाल्या नाहीत तर पांढऱ्यांना रंगीत फीत बांधा. आपण कॅथलिक असलो तरी तुमच्या प्रोटेस्टंट शेजारणीच्या घरीही असे चक्र दिसेल. कोल्हापुरातली बरीचशी ख्रिस्ती घरे त्याच परंपरेतली आहेत आणि या प्रथेचा उगमही तिकडचाच आहे. हॅम्बर्गमध्ये निराधार मुले सांभाळणाऱ्या योहान विखर्न या लुथरन पाळकाने, नाताळ कधी येणार हे मुलांना डोळ्यांनी मोजता यावे म्हणून १८३९ मध्ये ते पहिल्यांदा लावले. तेव्हा आपले की त्यांचे, या वादात न पडता मुलांनी शेजारच्या मुलांबरोबर मेणबत्ती लावली तर मला त्यात आनंदच आहे.

मेणबत्ती लावताना उपदेश करू नका. एक गोष्ट सांगा, एक प्रार्थना म्हणा आणि फुंकर कोण घालणार याचे भांडण होण्याआधी आटोपते घ्या. गोष्टींसाठी लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय मुलांना फार भावतो. म्हातारा याजक जखऱ्या मंदिरात धूप जाळायला जातो, देवदूताच्या बोलण्यावर त्याचा विश्वास बसत नाही आणि त्याची वाचाच बंद होते. पुढे बाळाचे नाव काय ठेवायचे यावर नातेवाईक हुज्जत घालतात, तेव्हा तो पाटी मागवून तिच्यावर ‘योहान’ लिहितो आणि त्याला पुन्हा बोलता येते. ही गोष्ट सांगून झाली की मुलाच्या हातात पाटी द्या आणि पाच मिनिटे कोणीच बोलायचे नाही असे ठरवा. सात वर्षांच्या मुलाला एवढा वेळ गप्प राहणे किती कठीण जाते ते तुम्ही जाणताच. पण वाट पाहणे म्हणजे काय, हे त्याला त्या पाच मिनिटांत बरेचसे उमगेल.

तुमच्या पत्रातली एक ओळ मला विशेष महत्त्वाची वाटली. शेजारच्या काकू मार्गशीर्षातल्या गुरुवारी महालक्ष्मीचा घट मांडून उपवास करतात, तेव्हा ‘आई, आपला उपवास कधी?’ असे मुलाने विचारले. कोल्हापुरात वाढणाऱ्या मुलाला हा प्रश्न पडणारच, आणि तो पडला हे उत्तमच आहे. सणाआधी मन आवरायचे असते, हे तो शेजारी पाहून शिकला आहे. त्याला सांगा की आपलाही हा तयारीचा काळ आहे, म्हणूनच चर्चमध्ये फादर जांभळी वस्त्रे घालतात आणि रविवारच्या मिस्सात, म्हणजे मुख्य उपासनेत, ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत गात नाहीत. मग एखादी आवडती गोष्ट, समजा शुक्रवारचे कार्टून, त्याने आपण होऊन सोडावी. ती त्याच्यावर लादू नका आणि धाकटीकडून तर अशी अपेक्षाच ठेवू नका.

आता सांता. बंदी मला पसंत नाही, कारण शाळेच्या कार्यक्रमात तो भेटणारच आणि मनाई केलेल्या माणसाचे आकर्षण दुणावते. त्याऐवजी ६ डिसेंबरला संत निकोलस यांचा सण घरी पाळा. हे चौथ्या शतकातले, आजच्या तुर्कस्तानातल्या मायराचे बिशप. हुंड्यावाचून अडलेल्या तीन मुलींच्या घरात त्यांनी रात्री गुपचूप पैशांच्या थैल्या टाकल्या, अशी आख्यायिका आहे. त्या दिवशी मुलांनी आपली चांगल्या स्थितीतली एखादी वस्तू, नाव न सांगता, गरजूंसाठी द्यावी. तुटकी खेळणी देऊ नयेत, यावर तुम्ही ठाम राहा. सांता कोणावरून आला हे कळल्यावर मोठ्याचे प्रश्न आपोआप बदलतील.

गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, १ तारखेला मांडण्याची घाई करू नका. १७ डिसेंबरपासून चर्चची उपासनाही थेट येशूजन्माकडे वळते. गोठा तेव्हा मांडा आणि गव्हाणी मध्यरात्रीच्या मिस्सापर्यंत रिकामी ठेवा. कोणासाठी काही चांगले केले की भाताच्या पेंढ्याची एक काडी गव्हाणीत टाकायची, ही जुनी पद्धत गोड आहे. मात्र काड्या मोजायच्या नाहीत आणि कोणी किती टाकल्या हे विचारायचे नाही, एवढा नियम करा, नाहीतर बहीणभावंडांची त्यावरूनच जुंपेल.

तुमच्या स्वतःसाठीही एक गोष्ट सुचवते. नाताळच्या फराळाचा पसारा काढण्यापूर्वी, जमल्यास दोघांनी मिळून, पापनिवेदनाला, म्हणजे फादरांपुढे आपल्या चुका कबूल करायला, जाऊन या आणि मोठ्याला बरोबर न्या. त्याने बाहेर बाकावर बसून आईवडिलांना रांगेत उभे राहिलेले पाहावे. पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे ख्रिस्तप्रसाद पहिल्यांदा घेण्याच्या तयारीच्या, वर्गात त्याला हे पुढे शिकवतीलच, पण आधी ते घरच्यांचे पाहिलेले असले तर त्याला परके वाटणार नाही.

यजमानांना नेमकी नाताळलाच पाळी असते, ही तुमची शेवटची तक्रार. नाताळकाळ २५ तारखेला सुरू होतो आणि जानेवारीतल्या प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो, त्यामुळे २६ ला गोठा आवरू नका. बाळ येशूला भेटायला आलेल्या मागी राजांच्या मूर्ती खिडकीत ठेवून रोज थोड्या पुढे सरकवा आणि घरातल्या भेटवस्तू प्रभूप्रकटीकरणाच्या, म्हणजे त्या भेटीच्या सणाच्या, रविवारी द्या. त्या रविवारी यजमानांची सुट्टी जुळेल का, याची चौकशी मात्र त्यांना आत्ताच करायला सांगा.