हरवलेली पुस्तकं आणि ग्रंथपालाचा पगार

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत ग्रंथपाल आहे. यंदाच्या पडताळणीत 6 पुस्तकं सापडली नाहीत. त्यांची किंमत पगारातून कापू, असं मुख्याध्यापक तोंडी म्हणाले. तेव्हापासून मी कपाटं बंदच ठेवते. शिक्षकेतर संघटनेची वर्गणी भरते, पण तिथे पगार आणि आकृतीबंध (शाळेतल्या मंजूर पदांची रचना) यापलीकडे विषय जात नाही. ग्रंथपालांच्या वेगळ्या संघटनेचा काही उपयोग होईल का?

उत्तर : होईल ताई, नक्की होईल. गणिताच्या शिक्षकाला अडलं तर शेजारच्या वर्गात दुसरा गणितवाला भेटतो. शाळेतला ग्रंथपाल मात्र एकटाच असतो.

आधी वसुलीचं बघू. तोंडी सांगण्यावर एक रुपयाही भरू नका, लेखी मागा. खासगी शाळांच्या 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीत पगारातून वसुली ही शिक्षा धरली आहे, आणि तीही निष्काळजीपणामुळे किंवा आदेश मोडल्यामुळे संस्थेचं नुकसान झालं असेल तरच. इथे शिक्षकेतर संघटनाच कामाची. पदाधिकाऱ्यांना सोबत घेऊन मुख्याध्यापकांना भेटा.

पण वापरातल्या ग्रंथालयातून थोडी पुस्तकं जाणारच, हे ठामपणे मांडायला ग्रंथपालच हवेत. मला स्वतःला हा आधार दुसऱ्या शाळेतल्या एका ग्रंथपालबाईंनी बैठकीत दाखवला होता. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम 2017 मधला 215 वा नियम काढून वाचा. वर्षभरात दिल्या-घेतल्या किंवा हाताळल्या गेलेल्या दर 1000 पुस्तकांमागे 5 गहाळ होणं तो वाजवी मानतो, अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल तर. 1000 रुपयांहून महाग किंवा दुर्मीळ पुस्तकाची चौकशी मात्र व्हायलाच हवी. तुमच्या शाळेला हा नियम थेट लागू नाही, तरी संस्थाचालकांपुढे ठेवायला भक्कम आहे.

आता हिशेब करा. वर्षाची देवघेव 1500 असेल तर 6 पुस्तकं मर्यादेच्या आत बसतात. कपाटं बंद ठेवून ती 100 वर आणलीत, तर एक पुस्तकसुद्धा जास्त ठरेल! म्हणून कपाटं उद्याच उघडा आणि देवघेव रजिस्टर काटेकोर भरा. ग्रंथालयाच्या तासिकेला वर्गात नेलेली पुस्तकंही त्यात चढवा. पुष्कळ जणी नेमकं तेच सोडतात.

मोठ्या संस्था आहेत. भारतीय ग्रंथालय संघ 1933 पासून आहे. शालेय ग्रंथपालांची आंतरराष्ट्रीय संघटना 1971 मध्ये जमैकात स्थापन झाली. ‘इफ्ला’ या ग्रंथालय संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची शालेय ग्रंथालयांसाठीची 2015 ची मार्गदर्शक तत्त्वं फुकट मिळतात, ती वाचाच. पण माझं मत विचाराल तर सुरुवात तालुक्यातल्या पाच-सहा शाळांपासून करा. 12 ऑगस्टला, भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या जयंतीला, ग्रंथपाल दिन असतो. त्या दिवशी जमा. प्रत्येकीने आपली पडताळणीची यादी आणि वर्षाच्या देवघेवीची बेरीज आणावी. सगळ्यांचे आकडे एका कागदावर मांडून तो माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे एकत्र घेऊन जा.